तिखट कानाची पोट्टी

पाचपावली, नागपूर
२० ऑक्टोबर २०२३

ती. दादास,
धाकट्या मैनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी नात आता हसते. झोपेतलं हसू नाही, चांगलं माणसाकडं पाहून, बोळकं पूर्ण उघडून. घट बसले त्या दिवशी पहिल्यांदा हसली, अन् तेही पियुषकडं पाहून. भारतीले थोडा रागच आला. दोन महिने ही बिचारी दूध पाजून राहिली, अन् पोट्टीनं पहिलं हसू दिलं ते धरमपेठेच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या करून आलेल्या बापाले. मी तिले म्हटलं की पोरी बापाच्याच असतात, तू कोणाची होती ते आठव. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेपाशी 'हसली' असं लिहून ठेवलं. आता जे जे नवीन करीन ते तिथंच लिहायचं म्हणते.

मान अजून डुगडुगते, पण धरायचा प्रयत्न करते. नाक तुझं आहे. त्याले आता इलाज नाही. भाऊ अन् व्याही एकाच माणसात भेटला म्हटल्यावर नाक येणारच. लग्नाच्या वेळी लोक बोलत होते की मामाची पोरगी काहून करता, बाहेर पोरी नाहीत का. मी म्हणते, घरातलं सोनं घरात राह्यलं. गोपिकावहिनी गेल्यावर भारतीचं बाळंतपण कोणी केलं असतं? इथं आत्या तीच सासू, माहेर अन् सासर एकाच छपराखाली.

अजून एक. पोट्टीचे कान लय तिखट आहेत. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात फेकून दचकते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं टाळी वाजवली तं अशी दचकली की नर्सा हसल्या. शेजारच्या पुष्पलताबाईले मी सांगतलं की पावरलूमनं आमच्या दादाचे कान खाल्ले, ते देवानं नातीले परत दिले. बारशाच्या दिवशी तू दारातूनच 'वैदेही' म्हणून जी हाक मारली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती, आठवते का? पाळण्यात ती केवढी दचकली, अन् मग तुझ्याकडं टकामका पाहत राह्यली. तुले वाटते तू हळू बोलला.

पियुष म्हणते मामाले फोटोवाला फोन घेऊन देऊ. तुले फोनवर ऐकू येत नाही अन् पडद्यावर बोटं चालत नाहीत, म्हणून आपलं पोस्टच बरं. माझ्यावर माया आहे तेवढी राहू दे, नातीवर थोडी जास्त कर.

तुझी बहीण,
मैना

---

उमरेड
२९ ऑक्टोबर २०२३

चि. मैनास,
श्रावणचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा शेजारच्या सोनिकाले वाचायले दिलं, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडावर ते कसं दिसते ते पाहता आलं. तीही हसली.

नाकाचं म्हणशीन तं ते नाक बाबांचं आहे, माझ्याकडं ठेवायले दिलं होतं. कानाचं मात्र वाचून जीव थंड झाला. तीस वर्षं त्या यंत्रांच्या खडखडाटात उभा राह्यलो, आता देवळातली घंटाही मले हातानं धरून समजते. घरात कोणाले तरी ऐकू येते, बरं झालं.

आता कामाचं. आपल्या घरची रीत तुले आठवत असेल. कोष्ट्याच्या घरचं पोर पहिलं पाऊल टाकते ते घरच्या मागावर विणलेल्या पायघडीवर. तू तुझं पहिलं पाऊल बाबांच्या लाल काठाच्या पायघडीवर टाकलं अन् दुसऱ्याच मिनिटाले तिच्यावरच मुतली, हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं आहे. भारतीच्या वेळी मी पावरलूमवर होतो, बाजारातून आणलेल्या चादरीवर भागवलं. ते मनात राहून गेलं. विणकर सोसायटीच्या शेडमध्ये एक हातमाग अजून धड आहे. कालपासून उभ्या सुताचा ताणा लावला. पाच हात लांब, पांढरी, काठ लाल. इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आवाज मले येत नाही, पण पायाले समजते. डोळे आता साथ देत नाहीत म्हणून आठवड्याले चार बोटंच होतात. पोट्टीले म्हणावं, घाई करू नको, आजा पोचतो.

भारतीले मेथीचे लाडू खाऊ घालजो. तुझा जीव जप, अन् रागावलीस तरी पत्र टाकत जा.

श्रावण

---

पाचपावली, नागपूर
३ जानेवारी २०२४

ती. दादास,
मैनाचा सा. न. वि. वि.

पत्राले उशीर झाला, त्याचं कारण तुझी नातच. एका जागी राहू देत नाही. एकोणीस डिसेंबरले पालथी पडली. मी भाजी निवडून राहिली होती, पाहते तं पोट्टी पोटावर अन् नाक चटईत. तिचं तिलेच समजेना आता काय करायचं. मी पाच घरी पुऱ्या वाटल्या. कॅलेंडरवर भारतीनं लाल पेनानं लिहिलं. आता ती खळखळून हसतेही. पियुष दुकानातल्यासारखी ओढणी झटकून तिच्यापुढं उलगडते, गिऱ्हाइकाले दाखवते तशी, रंग पक्का आहे वगैरे सांगते, अन् ही हसते. रोज तेच, तरी रोज हसते. तो जेवायचं सोडून तेच करत बसते.

कान तं विचारूच नको. आता चमचा पडला तरी दचकते, कडी वाजली तरी, मी शिंकली तरी. पुष्पलताबाईची नात हिच्याच वयाची आहे, तिच्या उशाशी परात आपटा, ढिम्म. आमची मात्र सुपारी पडली तरी हात वर. गल्लीतल्या बाया मुद्दाम येऊन टिचकी वाजवतात अन् हसतात. मी मीठमोहऱ्या ओवाळते, नाही असं नाही.

संक्रांतीले बोरन्हाण आहे. भारतीनं हलव्याचे दागिने घरीच केले. तू येजो, अन् बोरं उमरेडचीच आण, इथली आंबट निघतात. पायघडी कुठवर आली? पोट्टी ज्या वेगानं चालली आहे, त्यानं तू मागं पडशीन.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू दे.

मैना

---

उमरेड
२० जानेवारी २०२४

चि. मैनास,
आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बसमध्ये जागा भेटली.

बोरन्हाण चांगलं झालं. तू वरून बोरं, लाह्या, उसाचे तुकडे ओतले अन् सगळे हसत होते. मले हसणं ऐकू येत नाही. मी पोट्टीचे हात पाहत होतो. मी जेवलो नाही म्हणून तू रागावली. पोट बरं नव्हतं.

दोन गोष्टी लिहितो, त्या कर. उष्टावण सहा महिन्याची वाट पाहून करू नको, आताच करून घे. काटोलचं संत्रं आता गोड आहे, चार थेंब रस तिच्या जिभेवर ठेव, तोंड कसं करते ते पाहा. पियुषले म्हणावं सुटी काढून घरी बस दोन-चार दिवस, फोटो काढ. कान टोचायचे असतील तं टोचू नको, राहू दे. तिले दुखवू नका. जे जे कौतुक करायचं ते ते आता करा, उद्यावर ठेवू नका.

ती डोळ्याले डोळा देते का? तुझा चेहरा हलला की तिची नजर मागं येते का? नीट पाहून मले लिहिजो. सहज विचारतो.

मी बरा आहे. भारतीले जवळ घे.

श्रावण

---

पाचपावली, नागपूर
२६ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
मैनाचा सा. न. वि. वि.

काय घाई आहे गा तुले? उष्टावण कर, फोटो काढ, सुटी काढ. पियुष म्हणते मामा म्हातारा झाला, त्याले सगळं लवकर पाहून घ्यायचं आहे. असं बोलू नये म्हणून मी त्याले दटावलं, पण तुझं ऐकलंही. उष्टावण वसंतपंचमीले केलं. कळमन्याच्या बाजारातून डझनभर संत्री आणली, खीर केली. रसाचा थेंब जिभेवर पडला तं दोन्ही डोळे मिटून असं तोंड केलं की भारती हसता हसता खाली बसली. त्याचा फोटो पियुषनं मोठा करून भिंतीवर लावला. चार दिवस सुटी काढली होती त्यानं. दुकानवाले रागावले, पण तो म्हणते असे चार दिवस मले कधी भेटले नव्हते.

बाकी पोट्टी थोडी आळशी झाली. पालथी पडायचं सोडून दिलं. उशा लावून बसवलं तं बसते, उशा काढल्या की पोत्यासारखी कलंडते. खुळखुळा आधी ओढून घेत होती, आता हातातून गळते. पुष्पलताबाईची नात रांगत रांगत आमच्या उंबऱ्यापर्यंत येते. मी म्हणते, एकेक लेकराचं असते, पण भारती रात्रंदिवस तेच धरून बसली.

नजरेचं तू विचारलं होतं म्हणून पाह्यलं. दादा, ओवाळताना निरांजन इकडून तिकडं नेलं, तिची नजर नाही आली. आवाज केला तं दचकली, पण माझ्याकडं नाही पाह्यलं. डोळ्याच्या डॉक्टरकडं नेणार आहोत. तू काहून विचारलं होतं?

लवकर लिहिजो.

मैना

---

नागपूर
२८ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांस,
भारतीचा साष्टांग नमस्कार.

आत्यांच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. या वेळी मीच लिहिते आहे, कारण हे आत्यांना लिहवत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वैदेहीच्या डोळ्यात बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. डोळ्याच्या मागे लाल ठिपका आहे, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की तुम्ही दोघं नात्यातले आहात का. पियुष म्हणाले, मामाची मुलगी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त बाहेरगावी गेलं, काल कागद आला. रोगाचं नाव इंग्रजी आहे, लिहून काही उपयोग नाही. त्याला औषध नाही. पैसे नाहीत म्हणून औषध नाही असं नाही, जगात कुणाकडेच नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आमच्या दोघांच्याही रक्तात तो दोष निजलेला होता, तिच्यात दोन्हीकडून आला. ती जे जे शिकली ते एकेक करून विसरणार. पालथं पडणं गेलंच आहे. नजर जात आली. पुढे गिळणं. दोन वर्षं, फार तर चार. पुढच्या वेळी आधीच तपासून घेता येतं, असंही त्या म्हणाल्या. मी पुढच्या वेळचं विचारलंच नव्हतं.

ते दचकणं म्हणजे तिखट कान नव्हते, बाबा. तीच पहिली खूण होती. आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होतो.

त्यांनी विचारलं, घराण्यात आधी असं मूल कुणाचं झालं होतं का. आत्या म्हणाल्या, नाही. तुम्हाला काही आठवतं का?

आणखी एक लिहायचं आहे. मोठा आवाज झाला की तिला आता झटके येतात. तुम्ही सध्या येऊ नका. तुमचा आवाज तुम्हाला कळत नाही, आणि मला तुम्हाला गप्प बस म्हणवणार नाही. रागावू नका. तुमच्या लेकीवर माया कमी करू नका, आत्ता तर मुळीच नाही.

भारती

---

उमरेड
६ एप्रिल २०२४

चि. भारतीस, अन् मैनासही,
आशीर्वाद.

हे दोघींनी मिळून वाचा. मैनाले खोटं पाडू नका, ती पाच वर्षांची होती.

आमच्या पाठीवर आईले एक पोरगं झालं होतं. बळीराम. मी नऊचा होतो. गोरं, गोल तोंडाचं, पाहताच राहावं असं. तेव्हा माग घरातच होता, पुढच्या खोलीत. फणी ठोकली की ते हात फेकून दचके. आम्हाले मोठी गंमत वाटे. मी मुद्दाम थाळी वाजवायचो. मग ते बसायचं विसरलं. मग पाहायचं विसरलं. आई म्हणे, मागाच्या ठोक्यांचं भेव घेतलं पोरानं. बाबांनी माग बंद केला. वर्षभर आमच्या घरात धोटा हलला नाही, बाबा दुसऱ्याच्या घरी जाऊन विणत. तरी ते गेलंच, दोन वर्षांचं व्हायच्या आत. त्याची पायघडी विणून तयार होती. आईनं ती त्याच्यावरच घातली. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही, म्हणून मैनाले माहीत नाही.

भारती, तुझ्या लग्नाच्या वेळी बळीराम माझ्या मनात आला नाही. देवाशपथ. आम्ही साऱ्या उमरभर मागाच्या आवाजालेच दोष देत राह्यलो. रक्ताचा दोष असेल हे कोणाच्या ध्यानात येणार? मले वाटलं, बिनआईच्या पोरीले परकं घर नको, आत्याच्या मायेत जाईन. मायेपोटी केलं, अन् मायेनंच घात केला.

पण बोरन्हाणाच्या दिवशी मले समजलं. तुम्हाले हसण्याचा आवाज येत होता, मले नव्हता. मले नुसते तिचे हात दिसत होते. तेच हात, मैने. तसेच फेकलेले. मी उठून मागच्या अंगणात गेलो, ते पोट दुखून नाही.

तेव्हाच काहून सांगतलं नाही, असं विचाराल. सांगतलं असतं तं तुम्ही दोन महिने आधीपासून रडले असते, दुसरं काहीच बदललं नसतं. ते दोन महिने मी तुमच्यापाशी राहू दिले. हे बरोबर केलं की पाप केलं, मले समजत नाही. तुम्ही सांगान ते मी मान्य करीन.

येऊ नको म्हटलं, नाही येणार. त्यात राग कसला.

श्रावण

---

पाचपावली, नागपूर
२२ मे २०२४

ती. दादास,
मैनाचा नमस्कार.

दीड महिना लिहिलं नाही कारण मले तुझा राग आला होता. तुझं पत्र फाडायले घेतलं होतं. पुऱ्या वाटणारी मी, टिचक्या वाजवू देणारी मी, अन् तू तिकडं सगळं समजून बसला. मी पत्रात विचारत होती काय घाई आहे गा, अन् तू वाचत होता. भारतीनं माझ्या हातून ते पत्र काढून घेतलं. ती म्हणाली बाबांनी बरं केलं, संत्र्याच्या रसाचा तो दिवस नाही तं तिले भेटला नसता. माझं मन अजून तेवढं मोठं झालं नाही. होईन तेव्हा कळवीन.

बळीराम मले आठवत नाही. लय डोकं खाजवलं. आठवते तो बंद पडलेला माग. त्याच्या पाटीवर बसून मी भातुकली खेळत होती, अन् मले खूश वाटायचं की माग आता माझाच आहे. बस, एवढंच.

तू एकट्याच्या माथ्यावर घेऊ नको. भारतीले मागायले मी आली होती, पदर पसरून. तू दोन दिवस मागितले होते विचाराले. मीच म्हटलं होतं की भावानं बहिणीले दोन दिवस थांबवायचं म्हणजे झालंच मग.

इथं ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं अन् कूलर बंद आहे. कूलर सुरू केला की पोट्टीले झटका येते. खिडक्यांना ओली चादर बांधतो, भारती अन् पियुष आळीपाळीनं हातपंख्यानं वारा घालतात. कुकर माळ्यावर टाकला, डाळ पातेल्यातच शिजते. बेलची वायर कापली. पुष्पलताबाई चप्पल गल्लीतच काढून येते, अन् आता नातीले संगं आणत नाही. आम्ही तिघं खुणांनीच बोलतो. तुझ्या घरात तू जसा राहतं तसे आम्ही राहून राहिलो.

भारतीचं कॅलेंडर मात्र सुरूच आहे. तिनं मागची पानं काढून बसून बसून आठवलं अन् लिहिलं. शेवटची पालथी, अकरा जानेवारी. शेवटचा खुळखुळा धरला, आठ फेब्रुवारी. त्या त्या दिवशी आमच्यातल्या कोणालेच माहीत नव्हतं की हे शेवटचं आहे. पियुष अजून रोज ओढणी झटकते. दिसत नाही तिले, पण वारा लागते तोंडाले, तं कधीमधी ओठ हलतात. ते हसू आहे की नाही यावर दोघं नवराबायको वाद घालतात. मी म्हणते, आहे.

रागात असली तरी बहीण आहे तुझी. जेवत जा.

मैना

---

उमरेड
१४ जुलै २०२४

चि. मैनास,
आशीर्वाद.

तुझा राग पोचला, माया पण पोचली.

मी हळू बोलायचं शिकून राहिलो होतो. सोनिकाले समोर बसवायचो. जोरात झालं की तिनं हात वर करायचा, बरोबर झालं की खाली. आठ दिवसांत तिचा हात एकदाही खाली आला नाही. नवव्या दिवशी पोरीचा खांदा दुखायले लागला, तं सोडून दिलं.

मग वाटलं, बोलूच नये, नुसतं पाहून यावं. गेल्या मंगळवारी मी येऊन गेलो, हे तुम्हाले सांगतलं नाही. चपला गल्लीत काढल्या. दाराची फट होती, त्यातून पोट्टी दिसली, भारतीच्या मांडीवर. किती मोठी झाली वं. केस केवढे झाले. मी दार थोडं लोटलं. आवाज झाला असेल, मले काय समजणार. तिचे दोन्ही हात वर गेले, सारं अंग ताठ झालं. भारती तिच्यावर वाकली. भारतीनं वर पाह्यलं नाही. मी तसाच मागं सरलो अन् चपला हातात घेऊन बसस्टँडवर गेलो.

माझ्या हातानं झालं ते. आता बोलावल्याशिवाय येणार नाही.

पायघडी झाली. पाच हात पूर्ण. मध्ये एकदा वाटलं सोडून द्यावी, पण ताणा लावलेला अर्धा टाकू नये. ट्रंकेत ठेवली आहे. काय करायचं तिचं, तुम्ही सांगा.

पियुषले म्हणावं, मामा आठवण काढते.

श्रावण

---

पाचपावली, नागपूर
१२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी पत्रं आली, कार्डं आली, मी उत्तर दिलं नाही. लिहायले नवीन काही नव्हतं. पोट्टीले आता नळीनं दूध देतो. झटक्याच्या औषधानं ती बहुतेक गुंगीतच असते. सोळा महिन्यांची झाली. पुष्पलताबाईची नात गल्लीतून पळते.

गेल्या सोमवारी माझ्या हातून परात सुटली. पितळेची, मोठी, बोरन्हाणाले घेतली होती तीच. कित्येक महिन्यांनी काढली होती, बोटं ओली होती. फरशीवर पडली अन् गोल गोल फिरत वाजत राह्यली. माझे डोळेच मिटले. भारती आतून धावत आली. पोट्टी निजली होती तशीच. हात जागचे हलले नाहीत. पापणीही नाही. परात वाजायची थांबली तरी आम्ही दोघी उभ्याच होतो.

संध्याकाळी पियुष आल्यावर त्यानं तिच्या कानापाशी टाळी वाजवली. मग नावानं हाक मारली. मग जोरात मारली. भारतीनं त्याचा हात धरला अन् बस म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हेही व्हायचंच होतं, आता पुढं फार दिवस धरू नका.

भारतीनं कॅलेंडर काढलं. 'शेवटची दचकली' एवढं लिहिलं, पण पुढं तारीख लिहिता आली नाही. शेवटची कधी दचकली ते कोणालेच आठवेना. इतके महिने आम्ही जे होऊ नये म्हणून श्वास कोंडून बसलो, ते कधी थांबलं तेच समजलं नाही.

कुकर माळ्यावरून काढला. पियुषनं बेल जोडली. काल शिट्टी झाली तं तिघांचेही हात एकदम तिच्याकडं गेले, अन् मग आम्ही एकमेकांकडं पाह्यलं नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेला, दादा. कधी गेला त्याचीही तारीख नाही.

आता येजो. पायघडी पिशवीत घालून आण, भारतीनं मागितली आहे. ती म्हणते, अंगावर घालायची वेळ येईन तेव्हा येईन, त्याआधी मी तिले काखेत धरून तिचे पाय पायघडीवर टेकवीन, रीत आहे तं पूर्ण होऊ द्या. पियुष एका बाजूनं धरणार. दुसरी बाजू तुझ्यासाठी ठेवली आहे.

अन् चपला गल्लीत काढू नको. हळू बोलायचं पुन्हा शिकत असशीन तं सोडून दे. बारशाच्या दिवशी मारली होती तशी दारातूनच हाक मार तिच्या नावानं, पोटातून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईन अशी. तिले काही होणार नाही.

वाट पाहते,
मैना